"दार लावून ऐकतो तोच खरा रसिक" म्हणणाऱ्यांना उत्तर

खर्जातला बाजीराव

परवा या फोरमवर एका महाशयांनी फतवा काढला : "पुण्यात कॉन्सर्टला जाणं म्हणजे तिकीट काढून धक्के खाणं. संगीत ऐकायचं असेल तर चांगला हेडफोन घ्या, अख्खा अल्बम लावा, दार लावून घ्या. बाकी सगळं मिरवणं." आणि पुरावा काय, तर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून'. स्टुडिओत जन्मलेली कलाकृती म्हणे!

अहो, तो अल्बम आला मार्च १९७३ मध्ये. १९७२ च्या जानेवारीपासून ही मंडळी तोच ऐवज गावोगाव स्टेजवर वाजवत होती. आधी लोकांसमोर घासला, मग टेपवर चढवला. तुमचा साक्षीदार आमच्याकडून बोलतोय.

दुसरं. आपल्या दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा 'कंदिसा' (२०००) माझ्याकडे कॅसेटवर होता. फीत गुंतेपर्यंत ऐकलेला. मग त्यांना समोर ऐकलं. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवतोय आणि तोच गातोय, हे कॅसेटवर डोळ्यांसमोर येत नाही हो. दोन वेगळी माणसं असतील असंच वाटत राहतं. २००९ च्या डिसेंबरात तो गेला. आता आणा लाखाचा हेडफोन.

दार लावून

महाशय म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

फ्लॉइडचं मान्य. तेवढंच. आता हे ऐका. बीटल्सनी ऑगस्ट १९६६ नंतर दौरे बंद केले, कारण किंकाळ्यांपुढे स्वतःचं वाजवलेलं स्वतःला ऐकू येईना. 'सार्जंट पेपर' हा अल्बम त्यानंतरचा, १९६७ चा. पियानोवादक ग्लेन गुल्डने १९६४ मध्ये स्टेज सोडलं ते कायमचं. हे काय अरसिक होते?

आणि घरचंच उदाहरण देतो. भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळाले ते कुठली मैफल ऐकून? गदगच्या दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकून! तीन मिनिटांची! ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्यांनाच वेड लावलं ते रेकॉर्डने. घ्या.

कोल्डप्ले बँडच्या कॉन्सर्टला जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला गेलो होतो, म्हणजे अनुभव नाही असंही म्हणू नका. पुढच्या गृहस्थाने वर केलेला हात शेवटपर्यंत खाली घेतला नाही. मी त्यांचा गायक ख्रिस मार्टिन पाहिला तो त्याच्या मोबाईलमध्ये, बोटभर उंचीचा. मध्येच बॅटरी संपली. मला कोण आनंद! तर खिशातून पॉवर बँक निघाली.

मफलर

गदगची गोष्ट अर्धीच सांगितलीत. रेकॉर्ड ऐकून पळाले, पण रेकॉर्डसमोर बसून शिकले का? ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर हिंडून शेवटी कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरलं, तेव्हा गाणं मिळालं.

मी रमणबागेतलं सवाई ऐकलेला माणूस आहे. सतरंजी, थर्मास, डबा. पहाटेच्या गारठ्यात तानपुऱ्यांचे सूर हलायचे. स्टेजवर पुन्हा जुळवाजुळव सुरू व्हायची आणि हजारो माणसं चिडीचूप बसून ती जुळवाजुळवच ऐकायची. मग पहाटेचा राग ललत लागायचा. त्याच्या वेळेला!

आता रात्री दहाला गुंडाळतात, शनिवारी फार तर बारा. दरबारी, अडाणा, मालकंस, रात्रीचे राग सगळे बेघर. १९५३ पासूनच्या उत्सवाची ही गत. तुम्ही कॉन्सर्ट की अल्बम करत बसा. माझा प्रश्न, आमची रात्र कुणी चोरली?

तिसरा मजला, नदीपात्रासमोर

चोरली नाही, आम्ही आमची परत मागून घेतली. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, बस. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सासूबाईंना बायपासनंतर घरी आणलं त्या रात्री शेजारच्या लॉनवर लग्नाचा डीजे होता. औषधाच्या बाटल्या ट्रेमध्ये एकमेकींवर आपटत होत्या, मी त्यांच्यामध्ये कापूस कोंबला. फोन केला तर "मॅडम, पाच मिनिटांत बंद होतंय." ती पाच मिनिटं साडेअकराला संपली.

आणि ढोल पथकांचा सराव? गणपतीच्या आधी कित्येक आठवडे, रोज संध्याकाळी, पुलाखाली. त्याला कॉन्सर्ट म्हणायचं की अल्बम?

टोलवाली

आलंच पथकांवर! कुठलाही विषय काढा, पुण्यात तो तीन उत्तरांत ढोलावर येतो.

काकू, सराव वेळेत संपतो, निदान आमचा. एकदा ढोल कमरेला बांधून उभ्या राहा, मग बोला. आणि बाजीराव, खरं तर मी तुमच्याच बाजूची आहे. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग ऐकलंय कधी? पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. लक्ष्मी रोडवर ताशाची तर्री उठते आणि पाठोपाठ सगळ्या ढोलांचा एक ठोका पडतो, तो कानाने नाही, बरगडीने ऐकायचा असतो. तो कुठल्या हेडफोनात मावेल?

तिसरा मजला, नदीपात्रासमोर

"निदान आमचा." वा! पुलाखाली एकच पथक असतं का? तुमचा ठोका, पलीकडच्यांचा ठोका आणि मधे माझा मुलगा दहावीचा. आमच्या बरगड्यांना कुणी विचारलं?

टोलवाली

मग फ्लॅट घेताना 'रिव्हर व्ह्यू'चे जादा पैसे मोजताना सुचलं नाही?

तिसरा मजला, नदीपात्रासमोर

जुन्या वाड्याच्या जागेवरची इमारत आहे, बाई. आमच्या चार पिढ्या इथल्या. पथकं नंतर आली. तोंड सांभाळून लिहा.

खर्जातला बाजीराव

मंडळी, धागा कशाचा होता?

मफलर

रात्रीचा.

बेस कोण ऐकतं

बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने थोडं बोलावं म्हणतो.

३० एप्रिल २०२३ विसरलात? राजा बहादूर मिलमध्ये रहमानचा कार्यक्रम, दहा वाजून गेले आणि पोलीस थेट स्टेजवर. रहमानला थांबवतात तिथे आमची काय कथा! आम्ही पावणेदहालाच घड्याळ बघायला लागतो. पण मी नियमाला शिव्या देणार नाही, आयोजकांना देईन. तिकिटावर चार वाजता, साउंडचेक साडेपाचला, मग साहेब येणार म्हणून दीपप्रज्वलन थांबलेलं. दहाची वेळ पक्की, म्हणजे कापाकापी कुणाची? पहिल्या बँडची. म्हणजे आमची. २०१० मध्ये वीकेंडर हा संगीत महोत्सव याच शहरात सुरू झालं तेव्हा वाटलं होतं की आता वेळेची शिस्त सगळेच शिकतील. असो.

आता 'दार लावून' साहेब. तुम्ही दार लावून जे ऐकता, ते रेकॉर्ड करायला पैसे कुठून येतात? स्ट्रीमिंगचे जमतात त्यात बेसच्या तारांचा संच येत नाही. कॉलेजचे फेस्ट आणि रिसेप्शन वाजवून (हो, तिसरा मजला, लॉनवरसुद्धा, पण आम्ही दहाला थांबतो) स्टुडिओचे तास विकत घेतो आम्ही.

एक प्रसंग सांगतो. छोटी जागा, दुसरंच गाणं. माझ्या अँपमधून (अँप्लिफायर हो) जळकट वास आला आणि नंतर काहीच आलं नाही. तारा हलताहेत, आवाज शून्य. ड्रमरने माझ्याकडे पाहिलं आणि किक ड्रमचे ठोके दुप्पट केले, माझ्या जागा भरायला. गायक गोंधळून गप्प. आणि पुढे उभ्या असलेल्या चार पोरांनी बेसची ओळ तोंडाने धरली. "डुम डुडुम" करत, अगदी चौथ्या आवर्तनातल्या त्या आडव्या जागेसकट. गाण्याचे शब्द नाही, बेसची ओळ! माझ्या बायकोलाही ती येत नाही.

दार लावून

आणि त्या पोरांना ती आडवी जागा पाठ कुठून झाली? धक्के खाता खाता? घरी बसून, अल्बम पुन्हा पुन्हा लावून. दार लावून! धन्यवाद, माझी केस तुम्हीच लढलात.

खर्जातला बाजीराव

पाठ घरी झाली, उपयोग कुठे झाला? तुमच्या खोलीत कुणाचा अँप जळाला होता?

दार लावून

माझ्या खोलीत अँप जळत नाहीत, कारण मी चांगल्या वस्तू घेतो.

बेस कोण ऐकतं

भाड्याचा होता, साहेब.

टोलवाली

आमच्या ढोलाला वायरच नसते, एवढंच नम्रपणे सुचवते.

तिसरा मजला, नदीपात्रासमोर

तेच तर दुःख आहे. बंद करायला बटण नाही. बाकी बेसवाले दहाला थांबतात म्हणाले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. लेखी दिलं तर आणखी बरं.

मफलर

दहाला थांबणाऱ्याचं कौतुक ऐकायची वेळ आली. मालकंस आता रेकॉर्डवरच ऐकतो, रात्री एकला, आवाज बारीक करून. 'दार लावून' यांनी यावरून लगेच उड्या मारू नयेत.

दार लावून

उड्या नाही मारत, नोंद करून ठेवतो.

बेसवाले, पुढचा कार्यक्रम कधी ते कळवा. येईन. दोन अटी. मी कानात बोळे घालणार, त्यावर शेरे नकोत. आणि मफलर काका आले तर त्यांनी शेजारी बसून डबा उघडायचा नाही.

मफलर

डबा उघडणारच. तुम्ही लांब बसा.