प्रतिसाद: एका गाळलेल्या शब्दाची किंमत

अमेरिकेच्या राज्यघटनेला विरोध करणाऱ्यांबद्दल 'हक्कांची सनद मिळाली आणि विरोधक गप्प बसले' असं म्हटलं गेलंय, ते पटत नाही. (सनद म्हणजे घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्या.) व्हर्जिनियात 89 विरुद्ध 79, न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27 मतांनी अशी काठावर मंजूर झालेली घटना ती! केंद्राची करवसुली आणि कायमचं खडं सैन्य हे विरोधकांचे मोठे आक्षेप. तिथे सनदेतून हाती जवळपास काहीच लागलं नाही.

एकच शब्द बघा. या घटनेआधी राज्यांमध्ये झालेल्या 1781च्या जुन्या करारात केंद्राकडे फक्त 'स्पष्टपणे' सोपवलेले अधिकार होते. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, असं सांगणाऱ्या, पुढे सनदेतली दहावी ठरलेल्या दुरुस्तीत 1789मध्ये हाच शब्द घालायची मागणी झाली. दुरुस्त्यांचा मसुदा मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनने विरोध केला, मागणी फेटाळली गेली. 1819मध्ये राष्ट्रीय बँकेच्या खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने त्या गाळलेल्या शब्दावर नेमकं बोट ठेवलं आणि केंद्राचे गर्भित, म्हणजे घटनेत स्पष्ट न लिहिलेले, अधिकार मान्य केले.