गणपतीची मंजूर रजा रद्द केली, 1 मेचा कॉम्प-ऑफही (बदली सुट्टी) बुडवला. दाद कुठे मागू?

नमस्कार मंडळी. कुणी एचआरमध्ये किंवा कामगार कायद्याच्या कामात असेल तर कृपया वाचा.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका खाजगी कंपनीत मी सहा वर्षं आहे. साठेक माणसं, काम अमेरिकन क्लायंटच्या बिलिंगचं आणि सुट्ट्याही त्यांच्याच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला ऑफिस बंद असतं, तेव्हा मुलीची शाळा चालू आणि बायको कामावर. मी भांडुपच्या घरात एकटा बसून असतो. गणपतीला मात्र सगळ्यांनी हजर राहायचं.

यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. पाच दिवसांची रजा मी मे महिन्यातच टाकली होती. मॅनेजरचा व्हॉट्सअॅपवर "ओके, प्लॅन करा" असा मेसेज आहे. जुलैत सकाळी आठच्या ठोक्याला मी आणि बायको दोन मोबाईल घेऊन बसलो आणि कुडाळची तीन कन्फर्म तिकिटं मिळवली. गणपतीचं तिकीट ज्याने काढलंय त्यालाच याचं मोल कळेल. आणि परवा मेल आला: रजा रद्द, रोस्टरप्रमाणे या.

गेल्या वर्षी 27 ऑगस्टलाही हेच झालं. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी व्हिडिओ कॉलवर गावचं घर पाहिलं. बाबा 74 वर्षांचे. माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) नारळ नि कवंडळं (रानफळं) बांधायला ते स्टुलावर चढले होते, हात थरथरत होता, आई खालून "उतरा आता, पुरे झालं" म्हणत होती. माटवी दरवर्षी मी बांधतो. ते दृश्य वर्षभर डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा मी वाचला. वर्षाला 8 पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि सणांच्या आणखी चार, ज्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी. आमच्याकडे डिसेंबरात यादी थेट मेलवर येते, आम्हाला कुणी विचारत नाही. 1 मेला मी पूर्ण शिफ्ट केली, लॉगिनची नोंद आहे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, दोन्ही त्याच तारखेला, आणि मी इनव्हॉइस तपासत होतो. त्याची बदली सुट्टी मागितली तर म्हणे 30 दिवसांत घेतली नाही, लॅप्स झाली. तेव्हा मागितली होती, तेव्हा "माणसं कमी आहेत" म्हणून दिली नव्हती!

दुप्पट पगाराबद्दल एचआरचं उत्तर असं की मी टीम लीड आहे, कायदा मला लागूच नाही. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना सूट आहे हे खरं. पण हे पद दोन वर्षांपूर्वी नुसतं नावाला दिलं, पगारात फरक नाही. मी कुणाची रजा मंजूर करू शकत नाही, कुणाचं मूल्यमापन करत नाही, सगळ्यांसारखीच बिलं करतो. अशा वेळी पदाचं नाव बघतात की प्रत्यक्ष काम? कुणाला असा अनुभव आहे का?

दुसरं, पालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे तक्रार दिली तर तक्रारदाराचं नाव कंपनीला कळतं का? घराचा हप्ता चालू आहे, नोकरी घालवून चालणार नाही. आणि तक्रारीआधी एचआरला लेखी पाठवायचं तर त्यात कायद्याचा उल्लेख करावा की फक्त मॅनेजरचा मेसेज जोडून विनंती करावी?

निघायचं 12 तारखेला आहे. मुलीने परकर-पोलकं आत्ताच बॅगेत भरून ठेवलंय, तिला अजून काही सांगितलेलं नाही.

ता.क. "आजारी म्हणून सांग आणि जा" असं दोन मित्रांनी सुचवलं. ते मला करायचं नाही. रजा माझ्या हक्काची आहे, ती मला उघडपणे हवी आहे.