टीबीएम ८५० वरून सिटेशन एम-टू: एकट्याने उडवणाऱ्याला खरा फरक कुठे जाणवतो?

देवगिरी (सॅन अँटोनियो, टेक्सास)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी स्वतःच्या टीबीएम ८५० या एका इंजिनाच्या टर्बोप्रॉप (जेट इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानातून कामानिमित्त प्रवास करतो. विमान माझे, धंदा माझा आणि वैमानिकही मीच. डेन्व्हर आणि शिकागो येथे वारंवार जावे लागते. उन्हाळ्यात टेक्सासवर उभे राहणारे वादळी ढग पाहिले की ३१,००० फुटांची मर्यादा तोकडी वाटते, आणि घरच्यांचा आग्रह दोन इंजिनांसाठी आहे. त्यामुळे वापरलेले सिटेशन एम-टू हे दोन इंजिनांचे छोटे जेट घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. मल्टिइंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचे विमान उडवण्याची परवानगी) घेतलेले आहे.

जेट हे टर्बोप्रॉपपेक्षा उडवायला सोपे, असे अनेकजण सांगतात. विमा कंपनी मात्र सुरुवातीचे काही तास शेजारी अनुभवी वैमानिक बसवण्याची अट घालते. यांतले खरे काय मानावे? दुसरे म्हणजे, माझा हँगर ३,८०० फुटांच्या धावपट्टीवर आहे. माहितीपत्रकानुसार एम-टूला उड्डाणासाठी ३,२१० आणि उतरण्यासाठी २,५९० फूट लागतात, तेव्हा विमान तिथेच ठेवता येईल असे मी धरून चाललो आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

विचिटाकर

मी या मालिकेच्या विमानांचे प्रशिक्षण देतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सोपे म्हणतात ते खोटे नाही. टीबीएममध्ये पूर्ण शक्ती दिली की विमान डावीकडे खेचले जाते आणि उजवा पाय रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर) रोवून ठेवावा लागतो. जेटमध्ये ते नाही. इंजिनाच्या टॉर्कवर (फिरवण्याच्या जोरावर) आणि तापमानावर सतत नजर ठेवण्याचे कामही बरेच कमी होते. पण पाय निवांत झाले की झोपतात, आणि सिम्युलेटरमध्ये आम्ही नेमक्या त्याच वेळी एक इंजिन बंद करतो.

तुमच्यासारख्या एका इंजिनाच्या वैमानिकाला सर्वांत जड जाते ते इथे. उड्डाणानंतर इंजिन गेले तर नाक खाली घ्यायचे आणि समोर जागा शोधायची, हे वर्षानुवर्षे तुमच्या अंगात मुरलेले असते. जेटमध्ये व्ही-वन हा वेग ओलांडल्यावर इंजिन गेले तर थांबायचे नाही, उडायचेच. नाक ठरलेल्या कोनात उचलायचे, विमान सरळ धरायचे, चाके आत घ्यायची आणि व्ही-टू या, एका इंजिनावर सुरक्षित चढण्याच्या, वेगावर शांतपणे चढत राहायचे. टाइप रेटिंगच्या (त्या विशिष्ट विमानाच्या परवान्याच्या) परीक्षेत याच क्षणी नाक खाली घेण्यासाठी हात आपोआप पुढे जाताना मी पाहतो. हुशार आणि अनुभवी माणसांचेही जातात, कारण ती सवय त्यांनी मेहनतीने लावून घेतलेली असते.

एम-टूचे कमाल वजन १०,७०० पौंड, म्हणजे ज्या १२,५०० पौंडांच्या वर कोणत्याही विमानाला टाइप रेटिंग लागते, त्या मर्यादेच्या आत आहे; तरीही जेट असल्यामुळे टाइप रेटिंग लागतेच. परीक्षा सहवैमानिकासोबत दिलीत तर परवान्यावर तशी अट येते, म्हणून एकट्याने उडवायचे असेल तर परीक्षाही एकट्यानेच द्यावी लागते. शिवाय दर वर्षी प्रावीण्य तपासणी असते. टीबीएमसाठी वार्षिक प्रशिक्षण विमा कंपनीच्या आग्रहाखातर करत असाल. इथे तो नियम आहे.

आता धावपट्टी. माहितीपत्रकातले आकडे समुद्रसपाटीवरचे, प्रमाण हवामानातले आणि कोरड्या पट्टीवरचे असतात. ऑगस्टच्या दुपारी ३८ अंश तापमानात, पूर्ण इंधन घेऊन ३,८०० फुटांवरून निघण्याचा विचार माझ्या मते सोडून द्यावा. उतरताना भाड्याने चालणाऱ्या जेटांना नियम असा आहे की विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबले पाहिजे. २,५९० फुटांना त्या हिशेबाने सुमारे ४,३०० फूट लागतात. खाजगी मालकाला हा नियम बंधनकारक नाही, पण भौतिकशास्त्र दोघांना सारखेच आहे. टीबीएममध्ये पॉवर मागे घेतली की समोरचा पंखाच ब्रेक बनतो आणि जमिनीवर रिव्हर्सही (उलटा जोर) मिळतो. एम-टूला थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा) नाही आणि थ्रॉटल मागे घेतल्यावरही इंजिने थोडी ढकलत राहतात. वेग १० टक्के जास्त ठेवून आलात तर चाकांना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. टीबीएममध्ये ‘असू दे पाच-दहा नॉट जास्त’ हे खपून जाते. जेटमध्ये पट्टीच्या टोकाला त्याचा जाब द्यावा लागतो.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितो. मीही टर्बोप्रॉपवरून याच विमानावर आलो. विचिटाकरांनी जमिनीजवळचे सांगितले, मी उंचीवरचे सांगतो, कारण त्याबद्दल विक्रेता अवाक्षर काढत नाही.

जेटचे इंजिन उंचावर मितव्ययी असते. २८,००० फुटांवर अडकून पडलात तर इंधन डोळ्यांदेखत संपते, आणि न्यूयॉर्कच्या आसपास नियंत्रक बरेचदा लवकर खाली आणतात. म्हणून ४१,००० फुटांवर जावेसे वाटते. पण एकटा वैमानिक असेल तर ३५,००० फुटांच्या वर ऑक्सिजन मास्क सतत लावून ठेवणे नियमाने आवश्यक आहे. शेजारी दुसरा वैमानिक आणि दोघांकडे झटकन लावता येणारे मास्क असतील तरच ४१,००० फुटांपर्यंत सूट मिळते. दोन तास रबराचा मास्क, नाकाच्या वरच्या बाजूला उमटलेला वळ, आणि मागे बसलेल्या पत्नीशी बोलायचे तर मास्कमधल्या मायक्रोफोनमधून. त्या उंचीवर केबिनचा दाब गेल्यास शुद्ध १५ ते २० सेकंद टिकते, त्यामुळे नियम अनाठायी नाही. परिणाम एवढाच की पुष्कळ मालक-वैमानिक ३५,००० फुटांवर समाधान मानतात आणि जास्तीचे इंधन जाळतात. तुमचा पल्ल्याचा हिशेब ४१,००० फुटांवर बेतलेला असेल तर तो पुन्हा करा.

पल्ल्याचेच बोलायचे तर नव्या टीबीएम ९६० चा कमाल पल्ला सुमारे १,७३० नॉटिकल मैल आहे आणि एम-टूचा १,५५०. जेट म्हणजे सर्व बाबतींत वरची पायरी, हा समज इथे मोडतो.

खाली येणेही लवकर आखावे लागते. हजार फुटांना तीन मैल या हिशेबाने २८,००० फुटांवरून ८४ मैल आधी उतार सुरू होतो, तर ४१,००० फुटांवरून १२३ मैल आधी. उशीर झाला तर पंखा मदतीला येत नाही. ढगांतून उतरताना बर्फ असेल तर पंखांच्या कडा इंजिनाच्या गरम हवेने तापवाव्या लागतात, त्यासाठी इंजिनाची शक्ती ठरावीक पातळीच्या खाली आणता येत नाही. म्हणजे एकाच वेळी खालीही यायचे आणि वेगही आवरायचा.

ढगांवरून जाण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: टेक्सासच्या वादळांचे माथे ५०,००० फुटांवरही जातात. वळसा तुम्हाला जेटमध्येही घालावाच लागेल.

अनुराधा_मेरीलँड

वरील दोघांनी विमानाबद्दल लिहिले; मला वैमानिकाबद्दल लिहायचे आहे, आणि त्यासाठी दोन अपघातांचे अहवाल वाचावेत अशी विनंती आहे.

८ डिसेंबर २०१४ रोजी आमच्या मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गच्या विमानतळाजवळ फेनम १०० हे हलके जेट एका घरावर कोसळले. विमानातले तिघे आणि घरातली आई व तिची दोन मुले दगावली. वैमानिक मालकच होता आणि त्याआधी तो टीबीएम ७०० उडवत असे. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेच्या निष्कर्षानुसार बर्फ जमण्याजोग्या हवेत त्याने पंख आणि शेपटीची बर्फ काढणारी यंत्रणा सुरूच केली नाही, आणि विमान कमी उंचीवर स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल नाहीशी झाली. ती यंत्रणा सुरू असेल तर उतरण्याचा वेग जास्त धरावा लागतो आणि पट्टीही जास्त लागते; तिथली पट्टी जेमतेम ४,२०० फुटांची होती. आखूड धावपट्टी उतरतानाच नव्हे, तर दहा मिनिटे आधी बटणाकडे जाणाऱ्या हातावरही दबाव टाकू शकते, असे मला त्यातून दिसते. देवगिरी, तुमचे ३,८०० फूट वाचून हेच आठवले.

दुसरा अपघात २९ डिसेंबर २०१६ चा, क्लीव्हलंडचा. सिटेशन मस्टँग या छोट्या जेटवरून नुकताच सीजे-४ या मोठ्या सिटेशन जेटवर आलेला मालक रात्री ईरी सरोवरावरून उडाला आणि थोड्याच वेळात विमान पाण्यात गेले, सहाजण गेले. ऑटोपायलट लागलेला आहे असे त्याला वाटत होते, तो लागलेला नव्हता. दोन विमानांतील ऑटोपायलटची बटणे आणि कृत्रिम क्षितिज दाखवण्याची पद्धत वेगळी असल्याचे, तसेच थकव्याचेही अहवालात नमूद आहे. जेटवरून जेटवर, तेही एकाच कंपनीच्या, जाताना हे घडले. तुमची उडी त्याहून मोठी आहे. विमा कंपनीची अट त्यामुळे मला जाचक वाटत नाही. उलट ती संपल्यावरही पहिला हिवाळा कुणाला तरी शेजारी घेऊन काढावा.

देवगिरी

सर्वांचे आभार. धावपट्टीचा मुद्दा मी फारच हलक्यात घेतला होता. लांब पट्टीचा विमानतळ माझ्या घरापासून ४० मिनिटांवर आहे. डेन्व्हरचे अंतर सुमारे ७०० नॉटिकल मैल. ३०० नॉटने दोन तास वीस मिनिटे आणि ३९० नॉटने पावणेदोन तासांहून थोडे अधिक. म्हणजे वाचलेला अर्धा तास मोटारीत जाणार. मग घ्यावे की नाही?

विचिटाकर

केवळ डेन्व्हरसाठी घेऊ नका. शिकागोच्या फेऱ्या वाढणार असतील आणि दोन इंजिने हे घरच्यांचे खरे कारण असेल, तर घ्या, पण हँगर आधी हलवा आणि विमान नंतर. डेन्व्हरला सेंटेनियलची पट्टी १०,००० फुटांची असली तरी विमानतळ ५,८८५ फूट उंचीवर आहे. जुलैच्या दुपारी तिथून निघताना एका इंजिनावरच्या चढाईमुळे वजन कमी करावे लागेल, म्हणून परतीच्या वेळा सकाळच्या ठेवा. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी टीबीएममध्येच एक सराव सुरू करा: प्रत्येक उतरणीचा वेग त्या दिवशीच्या वजनावरून काढायचा, लिहून ठेवायचा, आणि पट्टीपासून ५०० फूट उंचीवर तो पाच नॉटांपेक्षा जास्त चुकला असेल तर निमूटपणे पुन्हा वर जायचे. हे तुम्हाला काही महिने सातत्याने जमले, तर सिम्युलेटरमधला निम्मा त्रास वाचेल. जमत नसेल, तर टीबीएम उत्तम विमान आहे.