वर्षावासात सुत्तवाचन: मज्झिम निकाय पहिल्यापासून घ्यावा का?

तापीकाठ, चोपडा
जय भीम. आमच्या विहारात वर्षावासासाठी (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम) आषाढी पौर्णिमेपासून रोज रात्री पाऊण तास सुत्तवाचन, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचं वाचन, ठरलं आहे. मज्झिम निकाय (म.), म्हणजे मध्यम लांबीच्या सुत्तांचा संग्रह, क्रमाने घ्यावा का? शिवाय सतिपट्ठान सुत्ताचा संदर्भ एका पुस्तकात ‘म. १०’ आहे, दुसऱ्यात ‘म. १.५५’. खरा कोणता?

चाळीसगावकर
जय भीम. दोन्ही खरे. पहिला सुत्ताचा क्रमांक, दुसरा पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीचा खंड आणि पान. अंगुत्तर निकायात (संख्येनुसार लावलेल्या सुत्तांचा संग्रह) तर क्रमांकही सरकतात: कालामांचं सुत्त कुठे ३.६५, कुठे ३.६६. म्हणून वहीत सुत्ताचं नाव आधी लिहा.

क्रमाने मात्र घेऊ नका. मज्झिमातली १५२ सुत्तं सोप्याकडून अवघडाकडे लावलेली नाहीत. पहिलंच मूलपरियाय असं, की ते ऐकून भिक्खूंना आनंद झाला नाही, हे त्याच्याच शेवटी लिहिलंय! सिगालोवादापासून (दीघ निकाय, म्हणजे लांब सुत्तांचा संग्रह, ३१) सुरू करा. आईवडील, गुरू, नवरा-बायको, मित्र, नोकर, सगळ्यांशी कसं वागावं ते त्यात आहे. मग अम्बलट्ठिक राहुलोवाद (म. ६१). भांड्यात उरलेल्या पाण्याचा दाखला लहान पोरांनाही कळतो. अशोकाने बैराटच्या लेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावं म्हणून जे धम्मग्रंथ सांगितले, त्यात राहुलाला खोट्या बोलण्यावर केलेला हा उपदेश आहे. त्यानंतर धम्मचक्कप्पवत्तन, बुद्धांचा पहिला उपदेश (संयुत्त निकाय, म्हणजे विषयवार सुत्तसंग्रह, ५६.११).

पालीवाचक, धुळे
इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची नागरी आवृत्ती छट्ठ संगायनाच्या (बर्मातली सहावी धम्मसंगीती, १९५४-५६) पाठावर आहे. तिच्यात म. १० ला ‘महासतिपट्ठान’ म्हटलंय आणि दीघ २२ मधला चार सत्यांचा विस्तारही घातलाय. दुसऱ्याच्या हातात वेगळा अनुवाद असला की नेमकी तिथे ओळ चुकते. सगळ्यांनी एकच पाठ धरा.

दुसरी अडचण ‘…पे॰…’ची. ती पुन्हा येणारा मजकूर छापताना आखडल्याची खूण आहे; तो वाचायचाच नाही असं नाही. पूर्ण मजकूर बहुधा त्याच सुत्तात आधी किंवा वग्गाच्या (सुत्तांच्या गटाच्या) पहिल्या सुत्तात सापडतो. वाचणाऱ्याने तो दुपारीच शोधून पेन्सिलीने भरावा. नुसतं ‘पे’ म्हणून पुढे गेलं तर ऐकणाऱ्याला काही अर्थ लागत नाही, विशेषतः सळायतन संयुत्तात (संयुत्त निकायातला सहा इंद्रियांवरचा भाग).

तापीकाठ, चोपडा
आभार. बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं महापरिनिब्बान सुत्त पाऊण तासात होईल?

चाळीसगावकर
नाही हो. त्याचे सहा भाणवार (पठणाचे भाग) आहेत. परंपरेने एक भाणवार म्हणजे साधारण ८,००० अक्षरं. नुसती पाली म्हटली तरी अर्ध्या तासाहून जास्त. अनुवादासह दर भाणवाराला दोन रात्री धरा, म्हणजे बारा. अजिंठ्याला जाणार असाल तर हे आधी संपवा. २६व्या लेण्यातलं महापरिनिर्वाणाचं शिल्प मग नीट वाचता येतं.