बूस्ट म्हणजे दम? दोन विरुद्ध दोनच्या लढाईतले शब्द

भाचा सुट्टीत आमच्याकडे आला की कपड्यांच्या आधी प्लेस्टेशन बॅगेतून बाहेर निघतो. सध्या त्याचा खेळ आहे गंडमच्या, म्हणजे त्या जपानी कार्टूनमधल्या महाकाय लढाऊ यंत्रांच्या, 'एक्स्ट्रीम व्हर्सेस' मालिकेतला 'मॅक्सी बूस्ट ऑन'. खेळांची ही मालिका बांदाई नामको कंपनीची, २०१० साली जपानमधल्या आर्केडमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये, सुरू झालेली. हा भाग प्लेस्टेशन ४ वर २०२० मध्ये आला. मोकळं मैदान, एका बाजूला दोन यंत्रं, दुसऱ्या बाजूला दोन. उडायचं, झेपावायचं, नेम धरायचा, जवळ गेलं तर तलवार.

परवा मी शेजारी बसून बघत होते. बाबा मागे खुर्चीत. बाबा तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेले. भाचा मला समजावत होता, "मावशी, बूस्ट संपला की ओव्हरहीट, मग लँडिंगला पनिश." मला एक अक्षर कळलं नाही. पडद्यावर त्याचं यंत्र उंच उडालं, डावीकडे झेपावलं, परत उजवीकडे झेपावलं. खालची पट्टी रिकामी झाली. पाय जमिनीला टेकले, गुडघे क्षणभर वाकले, आणि नेमक्या त्या क्षणी समोरून झोत आला. मागून बाबा म्हणाले, "दम गेला त्याचा. आधीच परत फिरायला हवं होतं."

तेव्हा मला सगळं कळलं. कबड्डीत चढाईला गेलेला गडी एका दमात जे करायचं ते करतो, आणि दम संपायच्या आत आपल्या अंगणात परततो. इथेही तसंच. पट्टी शिल्लक आहे तोवर हवेत राहता येतं, दिशा बदलता येते. संपली की उतरावंच लागतं, आणि पट्टी पुरती रिकामी करून उतरलात तर जमिनीवर जास्त वेळ थिजून राहता. म्हणून चांगला खेळाडू थोडा दम राखून उतरतो. 'दम राखून' हे आपण रोज बोलतोच.

तर माझं म्हणणं असं, की या खेळांसाठी मराठी शब्द घडवत बसायची गरज नाही. आखाड्यात, कबड्डीच्या अंगणात, खो-खोच्या मैदानात ते आधीच आहेत. फक्त एकेक शब्द खेळातल्या क्रियेशी नीट ताडून बघायला हवा. मी काही जुळवलेत, काही अडलेत:

बूस्ट – दम.
टॅग करणं, म्हणजे लढत चालू असताना भिडू बदलणं – खो देणं.
चिप डॅमेज, म्हणजे वार अडवला तरी जाणारा थोडा जीव – मुका मार?
डबल लॉक, म्हणजे दोघांनी मिळून एकालाच लक्ष्य करणं – साखळी?
टीम गेज आणि कॉस्ट – अडलंय.
बर्स्ट – हेही अडलंय.

प्रतिसाद १

'दम' एकदम पटला. 'मुका मार' मात्र चुकीच्या जागी बसवलात. मुका मार म्हणजे वरून जखम दिसत नाही, आत दुखतं, आणि शेकलं, आराम दिला की बरा होतो. चिप डॅमेज सहसा बरा होत नाही, गेलेला जीव गेला.

पण ज्या खेळांत भिडू बदलता येतो, तिथे बघा. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' (१९९६) पासून कॅपकॉम कंपनीच्या 'व्हर्सेस' मालिकेत मार बसला की जीवाच्या पट्टीचा काही भाग लाल राहतो. त्या भिडूला बाहेर काढून दुसऱ्याला आत आणलं, की बाहेर बसल्या बसल्या तो लाल भाग हळूहळू भरून येतो. 'टेक्केन टॅग'मध्ये तेच. 'ड्रॅगन बॉल फायटरझी'त तो भाग निळा दिसतो. तो खरा मुका मार! बाहेर बसून शेकतोय बिचारा. चिपला 'झीज' म्हणा. ढाल झिजते, तसा अडवता अडवता जीव झिजतो.

प्रतिसाद २

'खो' छान आहे, पण सरसकट नको. 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये (एसएनके, १९९४) तिघांचा संघ असतो, पण मूळच्या भागांत लढत चालू असताना बदल करता येत नाही. पहिला हरला की दुसरा येतो, दुसरा हरला की तिसरा. तो खो नाही. तिथे 'गडी बाद, पुढचा आत' एवढंच.

खो म्हणजे खेळणारा स्वतः बसलेल्याला उठवतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' किंवा 'टेक्केन टॅग'मध्ये हेच घडतं. 'टेक्केन टॅग'मधली गंमत म्हणजे दोघांपैकी एकाचाही जीव संपला की फेरी हरली. त्यामुळे वेळेवर खो देणं हाच खेळ. आम्ही पार्लरमध्ये ओरडायचो, "अरे बदल, बदल!" 'खो दे' ओरडायला दोनच अक्षरं, जास्त सोपं.

असिस्टला खो म्हणू नये. असिस्टमध्ये बाहेरचा भिडू एक वार करून परत जातो, खेळणारा आतच असतो. त्याला साधं 'हाक मारणं' बरं. "हाक मार त्याला, मग उडी घे."

धागाकर्ती

प्रतिसाद १, मान्य. मुका मार हलवते, चिप झाली झीज. प्रतिसाद २, 'हाक' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घेतलं.

प्रतिसाद ३

मी टोकियोत असतो, गंडम व्हर्सेस आर्केडमध्ये खेळतो. चार जण, चार यंत्रांसमोर, आणि भिडू बहुतेक वेळा अनोळखी.

टीम गेजबद्दल आधी नियम नीट सांगतो, मग शब्द. दोघांचा मिळून ६००० चा एक साठा असतो. प्रत्येक यंत्राची किंमत, म्हणजे कॉस्ट, ठरलेली: ३०००, २५००, २००० किंवा १५००. यंत्र पडलं की त्याची किंमत साठ्यातून वजा होते आणि ते परत मैदानात येतं. साठा शून्यावर आला की दोघंही हरले. साठ्यात उरलेलं जर यंत्राच्या किमतीपेक्षा कमी असेल, तर ते यंत्र त्या मानाने कमी जीव घेऊन परत येतं.

आता ३००० आणि २००० ची जोडी घ्या. ३००० वाला आधी पडला तर ३००० उरतात. मग २००० वाला पडला, १००० उरले, तो अर्धवट जीव घेऊन आला. चालतं. पण २००० वाला आधी पडला तर उरले ४०००. मग ३००० वाला पडला की तेच १००० उरतात, पण आता अर्धवट जीव घेऊन परत येतोय तुमचं सगळ्यात भारी यंत्र. हिशेबाने बाकी तीच, खेळ मात्र गेला. म्हणून स्वस्त यंत्रवाल्याने आधी पडायचं नाही, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात.

या साठ्याला माझ्या मते 'सामाईक' हाच शब्द. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र असतं तसं. एकाने उधळलं की दोघांचं गेलं. "सामाईकात किती उरलेत?" हे वाक्य मला चटकन तोंडात बसलं.

डबल लॉकला साखळी नको. साखळीत दोघे हात धरून एका बाजूने येतात. इथे दोघे दोन बाजूंनी येतात. एकाचा झोत चुकवायला वळलात की दुसऱ्याच्या तोंडी. ती 'कैची' झाली. कैचीत सापडणं आपल्याकडे वाक्प्रचारच आहे.

प्रतिसाद ४

इतकं सगळं कशाला? मुलं बूस्ट, टॅग, कॉम्बो म्हणतात, एकमेकांना कळतं. आपण पोस्ट, स्टेशन म्हणतोच की.

धागाकर्ती

म्हणतोच, आणि 'कॉम्बो' (लागोपाठ बसणारे वार), 'फ्रेम' मी तसेच ठेवणार आहे. सेकंदाच्या साठाव्या भागाला फ्रेमपेक्षा सरळ शब्द मला दिसत नाही. पण त्या दिवशी भाच्याने दहा मिनिटं जे समजावलं ते मला बाबांच्या एका शब्दाने कळलं. बाबांनाही खेळ कळला, आणि नंतर पाऊण तास ते भाच्याशी दम कुठे राखायचा यावर बोलत होते. ते मला हवंय. बूस्ट हा शब्द भाच्याने सोडावा असा हट्ट नाही.

प्रतिसाद ३, 'सामाईक' आणि 'कैची' दोन्ही घेतले. बर्स्टला जपानीत काय म्हणतात?

प्रतिसाद ३

काकुसेइ. जागृती, जाग येणं. मार देता-घेता एक वेगळी पट्टी भरते, ती पुरेशी भरली की बटणं दाबून यंत्र काही वेळ झळाळतं, वेग वाढतो, मार वाढतो, दमही थोडा भरून येतो. वेळ संपली की परत पहिल्यासारखं.

प्रतिसाद ५

अंगात येणं!

थोडा वेळ येतं, ताकद दसपट होते, मग उतरतं. "याच्या अंगात आलंय, लांब राहा" आणि "उतरू दे, मग धर". खेळात नेमकं हेच करतात ना? समोरच्याची वेळ संपेपर्यंत पळायचं.

प्रतिसाद ६

शब्द चपखल आहे, पण ज्यांच्या घरी ही श्रद्धा आहे त्यांना खेळात वापरलेला आवडेल का, याचा विचार व्हावा. माझ्या आजीच्या अंगात यायचं. आम्ही तेव्हा हात जोडून उभे राहायचो.

धागाकर्ती

तुमचं म्हणणं मनापासून पटतं. आमच्याही गावी जत्रेत हे पाहिलंय. बोलण्यात 'चेव येणं' वापरून बघू? "चेव चढला", "चेव उतरला" दोन्ही बोलता येतं, आणि त्यात देवाचं काही नाही. 'उतरणं' मात्र प्रतिसाद ५ कडूनच घेतलंय.

प्रतिसाद ५

चेव चालेल. आणखी एक राहिलं: रेड लॉक, ग्रीन लॉक. ठराविक अंतराच्या आत समोरच्यावरची खूण लाल असते आणि गोळी त्याच्याकडे वळते. अंतराबाहेर ती हिरवी, मग गोळी सरळ निघून जाते. याला शिकाऱ्यांचा शब्द आहे: टप्पा. टप्प्यात आला, टप्प्याबाहेर गेला. आणि प्रत्येक यंत्राचा टप्पा वेगळा.

धागाकर्ती

घेतला. काल रात्री भाच्याला ही यादी दिली, त्याने मित्राबरोबर खेळताना माइकवर वापरून बघितली. 'सामाईक' दोनदा म्हणाला आणि परत 'कॉस्ट'वर गेला. 'चेव' ऐकून मित्राने विचारलं, काय? 'दम' मात्र राहिला, आणि यादीत नसलेला एक शब्द त्याने स्वतःच आणला. कैचीत सापडला होता, पट्टी रिकामी, उतरायला लागलेला, आणि तिकडे मित्राला ओरडून म्हणाला, "दम नाही रे, सोडव!" मित्राने लांबून एक झोत टाकून समोरच्याचा वार मोडला. याला ते एरवी 'कट' म्हणतात.

'सोडव' यादीत टाकलाय.