नदीकाठची बाग, मूळनिवासी संस्कृती आणि बूमरँगचे बाक

मेलबर्नची_केतकी:
मी इथे लँडस्केप आर्किटेक्चर शिकतेय. या सत्रात यारा नदीकाठच्या बागेचा आराखडा करायचाय, मूळनिवासी संस्कृती आणि तिथली भूमी यांवरून. ग्रुपने पहिल्याच दिवशी बूमरँगच्या आकाराचे बाक आणि ठिपक्यांच्या चित्रांची फरशी काढली. मला ते खटकतंय, पण त्याऐवजी काय करायचं ते सुचत नाही.

सिडनीकर_माळीण:
बरोबर खटकतंय. ती ठिपक्यांची चित्रं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, यारेकाठच्या वुरुंजेरी या मूळनिवासी लोकांची नव्हेत. कोल्हापुरात ‘इथली कला’ म्हणून वारली चित्रं काढण्यासारखंच हे.

मी रोपवाटिकेत काम करते. एकदा सिडनीला येऊन बंदरकाठची बारंगारू ही बाग बघून जा. तिथे कंटेनरचा धक्का होता, सपाट काँक्रीट. २०१५ साली त्याच जागी ६ हेक्टरांचं हिरवं टेकाड खुलं झालं. वालुकाश्माचे सुमारे १०,००० ठोकळे तिथेच खणून काढून पाण्यापर्यंत उतरवलेत. ७५,००० च्या वर झाडंझुडपं, जवळपास सगळी सिडनी परिसरातली. मातीसुद्धा दगडाच्या चुऱ्यात कंपोस्ट मिसळून केलेली. बँक्सिया या इथल्या झाडाला फॉस्फरस सोसत नाही गं. सुरुवातीला मी आपल्या सवयीने चांगलं खत घातलं आणि रोपं पिवळी पडून गेली.

तिथल्या मूळनिवासी वाटाड्याने लोमँड्राचं, म्हणजे गवतासारख्या लांब पात्यांच्या झुडपाचं, पान हातात दिलं. दोन्ही हातांनी ओढलं तरी तुटेना. याच्याच टोपल्या विणतात. बागेला जिचं नाव दिलंय ती बारंगारू ही कॅमरेगल या मूळनिवासी समूहातली बाई, सालीच्या होडीतून मासे धरणारी. त्या होडीला ‘नावी’ म्हणतात. आपली नावच आठवली मला!

नागपूरकर_४४:
पण टेकडीखाली वाहनतळ आहे ना? आणि किनाऱ्याची रेघ १८३६ च्या नकाशावरून घेतली. ही कसली मूळ भूमी?

सिडनीकर_माळीण:
दोन्ही खरं आहे. १८३६ म्हणजे इंग्रज येऊन ४८ वर्षं उलटली होती. म्हणूनच केतकी, जुन्या नकाशाच्या भरवशावर राहू नकोस. पहिली रेघ ओढण्याआधी वुरुंजेरी लोकांशी बोला. नंतर मंजुरी घ्यायला गेलात तर ते विचारणं नव्हे. तुझ्याच शहरात यारेकाठी बिरारुंग मार ही बाग आहे, तिथली वळणावळणाची वाट बघ. ती वाम माशाची आठवण, कारण वाम हे त्यांचं पूर्वापारचं अन्न. तिथे पाच कुलिन समूहांच्या (वुरुंजेरी त्यांतलेच) पाच ढालीही उभ्या आहेत, प्रत्येकाची वेगळी.

मेलबर्नची_केतकी:
शनिवारी सगळ्यांना घेऊन जाते. लोमँड्रा यारेकाठी येतं का?

सिडनीकर_माळीण:
येतं, तिथलंच आहे. पान ओढून बघ, पण जपून, कडेने बोट कापतं.