लॅमोट्रिजिन आणि अंगावरचे पुरळ

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला बायपोलर आजारासाठी लॅमोट्रिजिन सुरू होऊन तीन आठवडे झाले असून कालपासून तिच्या छातीवर व पाठीवर लाल पुरळ उठले आहे. ताप नाही. घामोळे समजून दोन दिवस वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नये; पुढची गोळी देण्यापूर्वी आजच डॉक्टरांना दाखवावे. या औषधाने सुमारे १० टक्के रुग्णांना पुरळ येते आणि ते बहुधा साधेच असते; मात्र क्वचित होणारा, पण जिवावर बेतणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (औषधामुळे त्वचेला व तोंड-डोळ्यांच्या आतल्या अस्तराला फोड येऊन ते सोलवटण्याचा गंभीर विकार) बहुतेकदा पहिल्या २ ते ८ आठवड्यांतच उद्भवतो आणि सुरुवातीला दोन्हींतला फरक ओळखणे कठीण जाते. तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा ताप आल्यास थेट रुग्णालय गाठावे.

दुसरे उत्तर : सोबत व्हॅल्प्रोएट (बायपोलर आजारातच दिले जाणारे दुसरे औषध) चालू आहे का? त्याने लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दुप्पट होते, म्हणून एरवी रोज २५ मिलिग्रॅमने होणारी सुरुवात अशा वेळी दिवसाआड करतात.

प्रश्नकर्ती : होय, चालू आहे, आणि गोळी मात्र रोजच दिली जात होती. डॉक्टरांनी फोनवर लॅमोट्रिजिन थांबवायला सांगून तासाभरात बोलावले आहे.